किती टक्के? : नोकरी, भेदभाव आणि अपंगत्वाची कायदेशीर व्याख्या

प्रस्तावना

सरकारी कचेरीत अपंग माणसाला पहिला प्रश्न विचारतात, ‘किती टक्के?’ एसटीची सवलत असो, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज असो की भरतीचा फॉर्म, खिडकीच्या आतून हाच प्रश्न येतो. उत्तर चाळीस असेल तर कागद आत घेतात, एकोणचाळीस असेल तर परत देतात. चाळीस आणि एकोणचाळीस यांच्यात शरीराचा नेमका कोणता फरक असतो, हे कोणत्याही डॉक्टरला शपथेवर सांगता येणार नाही.

हे पुस्तक या प्रश्नाचा पाठलाग एकाच क्षेत्रात करते, ते म्हणजे नोकरी. अपंगत्वामुळे कोणाला कामावर घेतले नाही, कोणाची बढती अडवली, कोणाला घरी बसवले, तर दाद मागण्यासाठी तो माणूस आधी कायद्याच्या लेखी ‘अपंग’ ठरावा लागतो. ते कोण ठरवते आणि कशावरून, एवढाच विषय. ऐकायला तो वकिलांचा वाटतो. पण या व्याख्येच्या आत किंवा बाहेर पडण्यावर माणसाचा महिन्याचा पगार अवलंबून असतो, म्हणून तो वकिलांवर सोडून देण्यासारखा नाही.

अपंगत्वाची गाठ कायद्याशी तीन वेगवेगळ्या कारणांनी पडते. कामावर अपघात झाला तर भरपाई किती द्यायची, हे एक कारण. राखीव जागा थोड्या आहेत, त्या कोणाला द्यायच्या, हे दुसरे. आणि काम करू शकणाऱ्या माणसाला केवळ त्याचे शरीर किंवा त्याचा आजार बघून नाकारले तर तो अन्याय ठरतो का, हे तिसरे. पहिल्यात टक्केवारी लागतेच, कारण शेवटी रुपये मोजायचे असतात. दुसऱ्यात कुठेतरी रेघ ओढावी लागते. ती चाळीसवर का, पस्तीसवर का नाही, असा वाद घालता येईल, पण रेघ लागणारच. तिसऱ्यात मात्र टक्केवारीला काही कामच नाही. बाई म्हणून बढती नाकारली, तर ती किती टक्के बाई आहे असे कोणी विचारत नाही. आपल्याकडे तरीही तिन्ही ठिकाणी एकच प्रमाणपत्र मागितले जाते. या विषयातला बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो असे माझे मत आहे, आणि पुढचे सगळे लेख त्या मताच्या आधाराने लिहिलेले आहेत.

टक्केवारी आली ती भरपाईच्या कायद्यातून. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत माणसाच्या अवयवांचे चक्क दरपत्रक होते. दोन्ही हात गेले तर १०० टक्के, एका हाताची चार बोटे गेली तर ५०, अंगठा ३०, तर्जनी १४. हे आकडे कमावण्याची ताकद किती घटली ते सांगतात, निदान तसे मानले जाते. साखर कारखान्यातल्या फिटरचा अंगठा आणि बँकेतल्या कारकुनाचा अंगठा अनुसूचीला सारखाच. ही विसंगती न्यायालयांच्या लवकर लक्षात आली. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. अनुसूचीप्रमाणे ते अंशतः अपंगत्व भरत होते. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे नुकसान पूर्ण धरायला हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात मान्य केले. त्याला पन्नास वर्षे होत आली. ‘किती टक्के?’च्या जागी ‘कोणते काम?’ असा प्रश्न तेव्हाच विचारला गेला होता. तो भरपाईच्या कायद्यातच राहिला, नोकरीच्या कायद्यात यायला फार उशीर झाला.

कामगार कायद्यांनी तर अपंगत्वाला वेगळे असे पाहिलेच नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या आजारपणावरून केलेली बडतर्फी ही ‘कामगारकपात’ धरली जात नसे, म्हणजे कपातीची भरपाईही नाही. आजारी, जायबंदी आणि अपंग हे तिघे एकाच दाराने बाहेर काढता येत होते. १९७७ मध्ये केंद्र सरकारने क आणि ड गटाच्या नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या, पण ते प्रशासकीय आदेशाने. भेदभावाविरुद्धचा हक्क त्यात नव्हता.

तो पहिल्यांदा आला १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्याने. हा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ ला अमलात आला आणि त्याने सात प्रकार मोजून दिले: अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. शेवटचे दोन यादीत होते, नोकरीच्या आरक्षणात नव्हते. या कायद्याचे कलम ४७ नोकरदारांच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे. नोकरीत असताना अपंगत्व आले तर काढता येणार नाही, पदावनती करता येणार नाही, जमेल त्या कामावर त्याच पगारात घ्यायचे, तशी जागा नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करायचे. कुणाल सिंग खटल्यात (२००३) पाय गमावलेल्या जवानाला अपंगत्वाचे निवृत्तिवेतन देऊन मोकळे होणाऱ्या सरकारला सर्वोच्च न्यायालयाने हे कलम दाखवले. भगवान दास खटल्यात (२००८) अंध झालेल्या लाइनमनला पंजाबच्या वीज मंडळाने निवृत्तीच्या वाटेला लावले होते, तिथेही तेच घडले. आपल्याला असा काही हक्क आहे हे त्या लाइनमनला माहीतच नव्हते, आणि ज्यांना माहीत असायला हवे होते त्या अधिकाऱ्यांनी सांगितले नाही. महाराष्ट्रातल्या आस्थापना शाखांमध्ये आजही वेगळे चित्र दिसत नाही.

सातांच्या यादीतला ‘कुष्ठरोगमुक्त’ हा प्रकार जरा थांबून पाहण्यासारखा आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले त्याला पाऊणशे वर्षे झाली. तिथे बाबा आमट्यांनी हाताला काम दिले ते ज्यांना बाहेर कोणी काम द्यायला तयार नव्हते त्यांना. त्यांपैकी अनेकांचा रोग बरा झालेला होता, बोटेही चालत होती. अडसर होता तो बघणाऱ्याच्या मनातल्या भीतीचा. कायद्याने हा गट यादीत घेतला, पण कशाच्या जोरावर? हातापायांची संवेदना गेलेली असावी, व्यंग राहिलेले असावे, अशा अटींवर. रोग बरा झाला, व्यंग उरले नाही, तरी गावाने आणि मालकाने वाळीत टाकलेच, असा माणूस यादीच्या बाहेर. म्हणजे ज्या कारणाने काम मिळत नाही ते कारण सोडून कायदा दुसरेच काही मोजत बसला. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यात ‘अपंग मानला गेलेला’ माणूसही संरक्षणात येतो. आपल्या कायद्यात त्या तोडीची तरतूद अजून नाही, आणि ज्या देशात अंगावरच्या पांढऱ्या डागांवरून लग्ने मोडतात त्या देशात ही उणीव लहान म्हणता येत नाही.

यादीच्या भिंतीला पहिले भगदाड मुंबई उच्च न्यायालयात पडले, याचा उल्लेख मराठी वाचकासाठी केलाच पाहिजे. एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी कामगाराला रक्ततपासणीत एचआयव्ही सापडल्यावर कामगारांच्या यादीतून वगळले गेले. त्याची ओळख झाकून, एमएक्स विरुद्ध झेडवाय या नावाने तो खटला चालला. माणूस काम करायला सक्षम आहे आणि इतरांना त्याच्यापासून धोका नाही, तर केवळ संसर्ग आहे म्हणून नोकरी नाकारणे हा राज्यघटनेच्या १४ आणि २१ या अनुच्छेदांचा भंग ठरतो, असा निकाल १९९७ मध्ये लागला. सातांपैकी एकाही प्रकारात तो बसत नव्हता. मग २००९ मध्ये रणजित कुमार रजक विरुद्ध स्टेट बँक हा खटला आला. उमेदवार निवडला गेला होता, पण त्याचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले होते. बँकेचे म्हणणे, वैद्यकीय खर्च आमच्या अंगावर पडेल. मूत्रपिंडही यादीत नव्हते. न्यायालयाने मग संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचा आधार घेतला आणि ‘वाजवी सोय’ हे तत्त्व थेट जगण्याच्या हक्कात वाचले: नोकरी देणाऱ्याने झेपेल इतके जुळवून घेतले पाहिजे, आणि झेपत नसेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. संसदेने हे तत्त्व कायद्यात लिहायच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट. आपल्याच उच्च न्यायालयाच्या या निकालाची मराठीत फारशी चर्चा झाली नाही याचे मला अजून नवल वाटते.

त्या करारामागे विचारांच्या दोन-तीन धारा आहेत, आणि त्या ठाऊक असल्याशिवाय २०१६ चा कायदा कळत नाही. जुनी धारा वैद्यकीय: बिघाड शरीरात आहे, तो मोजा, जमेल तितका दुरुस्त करा. तिच्या जोडीला दयेची धारा, जिचा आपल्याकडे कधी तुटवडा पडला नाही. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या एका अपंग संघटनेने मांडणी उलटी केली. पाय चालत नाही ही शारीरिक स्थिती, पण अपंग करतो तो जिना. माइक ऑलिव्हर यांनी १९८० च्या दशकात या विचाराला सामाजिक प्रतिमान म्हणून घडवले. भारतात अमिता धंदा यांनी मानसिक आजार आणि कायदा यांच्या नात्यावर मूलभूत काम केले. अनिता घई यांनी पाश्चात्त्य मांडणी इथे जशीच्या तशी का लागू होत नाही हे स्त्रीवादी अंगाने दाखवले. माझा स्वतःचा कल सामाजिक प्रतिमानाकडे आहे, पण पूर्णपणे नाही. कायमचे दुखणे, थकवा, औषधांची गुंगी हे काही जिना पाडून रॅम्प केल्याने जात नाही. जिना पाडावाच, पण दुखण्यालाही कायद्यात जागा हवी.

भारताने तो करार १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला आणि त्यातून, बऱ्याच रेंगाळलेल्या मसुद्यांनंतर, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्याच्या दुसऱ्या कलमात दोन व्याख्या शेजारीशेजारी नांदतात. एक ‘दिव्यांग व्यक्ती’ची: दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची कमतरता, जी अडथळ्यांशी गाठ पडल्यावर समाजात इतरांच्या बरोबरीने वावरू देत नाही. यात आकडा नाही, यादी नाही. दुसरी ‘लक्षणीय दिव्यांगत्वा’ची: अनुसूचीतल्या प्रकारांपैकी किमान ४० टक्के, वैद्यकीय प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेले. भेदभावापासूनचे संरक्षण, वाजवी सोय आणि नोकरीत असताना अपंगत्व आल्यास मिळणारे अभय (जुने कलम ४७, आता २० चे पोटकलम ४) पहिल्या व्याख्येवर चालते. आरक्षण दुसरीवर. कायदा इतका स्पष्ट असूनही कचेऱ्या दुसरीच व्याख्या सगळीकडे लावतात.

अनुसूचीही वाचावी तशी गुंतत जाते. सातांचे एकवीस प्रकार झाले. नव्यांत आले थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, आम्लहल्ल्याचे बळी. वर्तमानपत्रांनी ‘आता एकवीस प्रकारांना आरक्षण’ असे मथळे दिले. ते खरे नाही. कलम ३४ मध्ये नोकरीतल्या ४ टक्के जागा ज्या गटांना वाटून दिल्या आहेत, त्यांत सिकल सेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे गट नाहीत. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या सिकल सेलग्रस्त आदिवासी मुलाकडे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र असले तरी बिंदुनामावलीत त्याच्यासाठी बिंदू नाही. त्याच्याजवळ उरतो तो भेदभावाविरुद्धचा हक्क, आणि त्याची वाट त्याला कोणी दाखवत नाही.

दोन व्याख्यांमधला फरक सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निःसंदिग्धपणे सांगितला. उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके येत. लेखनिक मागितला तर आयोग म्हणाला, तुम्ही चाळीसच्या आत. न्यायालयाने हे उत्तर कायद्याला धरून नसल्याचे सांगितले. रवींदर धारिवाल खटल्यात (डिसेंबर २०२१) मानसिक आजार असलेल्या निमलष्करी अधिकाऱ्याविरुद्धच्या शिस्तभंगाच्या कारवाईकडे याच नजरेने पाहिले गेले. २०२३ मध्ये तमिळनाडूच्या वीज मंडळातला रंगांधळा अभियंता आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणाच्या एसटीतला रंगांधळा चालक, दोघांनाही दिलासा मिळाला, आणि रंगांधळेपण तर एकवीसच्या यादीत नाहीच. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका दृष्टिहीन उमेदवार महिलेचा रेल्वे भरतीतला हक्क शाबूत ठेवला. दुसऱ्याकडून भरून घेतलेल्या ऑनलाइन फॉर्मवर जन्मतारीख चुकली होती आणि तेवढ्यावरून तिला बाद केले होते. स्वतःला न दिसणाऱ्या पडद्यावरची चूक तिच्या माथी मारणे हाच भेदभाव, हे पटायला कायद्याचे फार ज्ञान लागत नाही.

टक्केवारीचा वेडेपणा ज्याला एका दृष्टिक्षेपात पाहायचा असेल त्याने ओंकार गोंड खटला वाचावा. तो शिक्षणाचा आहे, नोकरीचा नाही, पण मुंबई उच्च न्यायालयातूनच वर गेलेला. वैद्यकीय प्रवेशाच्या तेव्हाच्या नियमांत वाचादोष असलेल्यांची अवस्था अशी, की राखीव जागेसाठी किमान ४० टक्के हवेत, आणि ४० झाले की अभ्यासक्रमालाच अपात्र. दार उघडायची किल्ली आणि दाराला घालायचे कुलूप एकच. ऑक्टोबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की नुसत्या आकड्यावरून कोणाला अपात्र ठरवू नका, हा माणूस हा अभ्यासक्रम प्रत्यक्षात करू शकतो का ते अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहावे. सुताराच्या खटल्यातला प्रश्न असा अर्ध्या शतकाने परत आला.

परदेशांचा हिशेब इथे थोडक्यात. अमेरिकेत १९९९ मध्ये सटन नावाच्या दोन जुळ्या बहिणींना विमान कंपनीने वैमानिक म्हणून घेतले नाही, कारण चष्म्याशिवाय दिसत नव्हते. न्यायालयाने दाद दिली नाही, कारण चष्मा लावल्यावर दिसत होते, म्हणजे त्या अपंग नव्हत्या. असे निकाल साचत गेल्यावर २००८ मध्ये तिथल्या संसदेने कायदा दुरुस्त करून व्याख्या मुद्दाम सैल केली. ब्रिटनमध्ये २०१० चा समता कायदा रोजच्या व्यवहारांवर होणारा भरीव आणि साधारण वर्षभर टिकणारा परिणाम पाहतो. युरोपीय न्यायालयाने २००६ मध्ये आजार आणि अपंगत्व यांत कडक भिंत घातली आणि २०१३ मध्ये स्वतःच ती बरीच खाली आणली. कुठेच प्रश्न कायमचा सुटलेला नाही, पण टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर इतकी श्रद्धा या देशांच्या भेदभावाच्या कायद्यात सापडत नाही.

हा विषय आत्ताच हाती घ्यायचे कारण उघड आहे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या निवडीवरून वादळ उठले आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाने ती निवड रद्द केली. तेव्हापासून खोट्या प्रमाणपत्रांची चर्चा थांबलेली नाही. खोटी प्रमाणपत्रे आहेत, ती शोधलीच पाहिजेत. पण संशयाची किंमत खऱ्या माणसाला मोजावी लागते: फेरतपासणी, पुन्हा रांग, पुन्हा जिल्हा शल्यचिकित्सकांचे मंडळ, आणि ज्याचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही त्याच्याकडे बघण्याची ती नजर. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, हे चांगलेच झाले. त्या विभागाचा वेळ प्रमाणपत्रे तपासण्यात जाणार की भेदभाव रोखण्यात, ते आता ठरायचे आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख, म्हणजे २.२१ टक्के लोक अपंग नोंदले गेले, त्यांतले सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेचा जगासाठीचा अंदाज १५ टक्क्यांचा होता. भारतीय शरीरे जगापेक्षा सातपट धडधाकट आहेत असे मानायचे नसेल, तर हा फरक व्याख्येचा आहे.

आता पुस्तकाबद्दल. मनात धरलेला वाचक म्हणजे तालुक्याच्या न्यायालयातला वकील, युनियनचा कार्यकर्ता, आस्थापना विभागातला कारकून, आणि अर्थातच ज्याच्या हातात नकाराचे पत्र आहे तो. निकालांची सूची देण्यापेक्षा प्रत्येक निकालात व्याख्या कशी वळली, ते सांगण्यावर भर आहे. पदसुनिश्चितीवर, म्हणजे कोणते पद कोणत्या दिव्यांगाला ‘योग्य’ हे आधीच ठरवून टाकण्यावर, मी कडक लिहिले आहे, कारण त्यात माणूस समोर यायच्या आधीच निर्णय झालेला असतो. मानसिक आजारावरचा भाग मनासारखा लांब आहे. शिक्षणातले आरक्षण, निवृत्तिवेतन आणि कर सवलती बाहेर ठेवल्या आहेत.

पुस्तक सोनारीत लिहिले गेले याचा त्याच्या रचनेवर परिणाम झाला आहे. सोनारी बाहेर ओळखली जाते ती काळभैरवनाथामुळे आणि माकडांमुळे. पण दिवाळीच्या आसपास धाराशिव आणि बीडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि त्यांच्याकडे पाहिले की दिल्लीत लिहिलेली व्याख्या कुठवर पोहोचते ते दिसते. २०१६ च्या कायद्याच्या ‘खासगी आस्थापने’त सहकारी संस्था येते, कारखाना येतो. मात्र नोकरीतल्या भेदभावावरचे कलम २० नाव घेते ते फक्त सरकारी आस्थापनांचे. खासगी मालकासाठी तिसऱ्या कलमातली सर्वसाधारण मनाई आणि समान संधीचे धोरण जाहीर करण्याची सक्ती, एवढेच उरते. आणि तोडणी कामगाराचा मालक कोण? कारखाना कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार मुकादमाकडे. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता, या हिशेबाने उचल मिळते. मोळी उचलताना पाठ गेलेला माणूस पुढच्या हंगामात अर्ध्याचाही धरला जात नाही. बीड जिल्ह्यातल्या तोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, चौकशी समितीही नेमली गेली. त्या शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षे ज्यांना ओझे उचलवत नाही, त्या एकवीसपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. दुसऱ्या कलमातल्या आकडा नसलेल्या व्याख्येत मात्र त्या बसू शकतात, असा माझा युक्तिवाद आहे. दीर्घकाळची कमतरता आहे, अडथळाही आहे. हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयाने अजून मान्य केलेला माझ्या वाचनात नाही. टोळीवरचे प्रकरण म्हणूनच पुस्तकात सगळ्यात लांब झाले आहे, आणि त्यात निकाल सगळ्यात कमी आहेत.

सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव